विंचवाचे बिऱ्हाड



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून या व्यासपीठांवर विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी सतरंजीवर बसून ऐकावे, असाच रिवाज आहे. आम्ही पूर्वी असेच ऐकून शिकलो. शाळेत आमचे शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे शिक्षण गवंड्याच्या हाताखाली माल कालवताना झाले, आणि त्यापुढचे युनियनच्या कचेरीत कायद्याची पुस्तके बोटाने ओळ धरून वाचताना झाले. असा माणूस आज संगणकावर बोलणार, हे जाहीर झाल्यावर काही मित्रांना हसू आले. ते हसू रास्तच आहे. परंतु आम्ही संगणकशास्त्रावर बोलणार नसून हत्यारांवर बोलणार आहोत, आणि हत्यार हा कामगाराचा विषय आहे.

आमच्या खिशात ही एक वस्तू आहे. करंगळीएवढी. हिला आपण पेन ड्राइव्ह म्हणतो. लग्नातले फोटो, मुलांची गाणी, फार तर झेरॉक्सच्या दुकानात नेण्याचा अर्ज, एवढाच तिचा उपयोग बहुतेकांना ठाऊक असतो. पण हिच्यात नुसती कागदपत्रे नव्हेत, तर ती लिहिण्याची, वाचण्याची आणि हिशेब मांडण्याची सॉफ्टवेअरेही ठेवता येतात. ती कोणत्याही विंडोज संगणकावर, तेथे काहीएक न बसवता, थेट हिच्यातूनच चालवता येतात. काम झाले की ही काढावी, खिशात घालावी आणि चालू लागावे. यालाच पोर्टेबल सॉफ्टवेअर म्हणतात. आपल्या भाषेत याला फार जुना शब्द आहे: विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर.

आमच्या जिल्ह्याला हे नवे नाही. मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे, तेथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. देशभरातून बंजारा समाज तेथे येतो. या समाजाच्या पूर्वजांनी शेकडो वर्षे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून हा देश तुडवला. त्या धंद्याला ते लदेणी म्हणत. तांडा ज्या माळावर थांबे तेथे त्याचे गाव होई, आणि उठला की मागे तीन दगडांची चूल तेवढी राही. ज्याला सतत जागा बदलावी लागते, त्याने आपला संसार असा बांधावा की तो दुसऱ्याच्या भिंतीला खिळलेला नसेल. हे शहाणपण तांड्याने जाणले होते.

आता संगणकात काय घडते ते पाहू. नेहमीचे सॉफ्टवेअर आपण इन्स्टॉल करतो, तेव्हा ते एका जागी बसत नाही. ते नव्या भाडेकरूसारखे वागते. मुख्य सामान एका खोलीत टाकते, काही फायली विंडोजच्या कोठीत ठेवते, आपल्या आवडीनिवडी वापरणाऱ्याच्या नावाच्या खोलीत मांडते, आणि रजिस्ट्री नावाची जी मोठी चोपडी विंडोज ठेवते तिच्यात आपल्या नावाच्या नोंदी करून येते. म्हणजे घरभर खुंट्या ठोकते. त्यासाठी घरमालकाची परवानगी लागते, तिला अ‍ॅडमिनचा पासवर्ड म्हणतात. आणि घर सोडायची वेळ आली की या सगळ्या खुंट्या उपटून नेता येत नाहीत. फोल्डर उचलून दुसऱ्या संगणकात टाकला, तर ते सॉफ्टवेअर बहुधा उठतच नाही, कारण त्याचा अर्धा जीव जुन्या घराच्या भिंतीत राहिलेला असतो.

पोर्टेबल सॉफ्टवेअर खुंट्या ठोकत नाही. त्याची ट्रंक तोच त्याचा संसार. त्याच्या फोल्डरमध्ये दोन मुख्य खण असतात. एकात प्रत्यक्ष सॉफ्टवेअर असते, तर दुसऱ्यात आपली माहिती आणि आपल्या सवयी. येथे एक बारीक अडचण आहे. एकच पेन ड्राइव्ह एका संगणकात ई या अक्षराने ओळखला जातो, तर दुसऱ्यात एफ किंवा जी या अक्षराने. म्हणजे घराचा पत्ता रोज बदलतो. मग सॉफ्टवेअरने आपल्या वस्तू शोधायच्या कशा? तर पत्त्यावरून शोधायच्या नाहीत, अंतरावरून शोधायच्या. ‘अमुक गल्लीतील अमुक घर’ असे न म्हणता ‘मी उभा आहे तेथून डाव्या हाताची पेटी’ असे म्हणायचे. तांडा कोठेही उतरला तरी चुलीपासून पाण्याची घागर किती पावलांवर, हे म्हातारीला डोळे मिटून ठाऊक असते. तसेच हे.

या वस्तूच्या जन्माची हकीकत थोडक्यात सांगतो. वीज गेली तरी न विसरणारी फ्लॅश स्मृती जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली जगापुढे मांडली. ती ज्या चौकोनी तोंडातून संगणकाला जोडतात ती यूएसबी पद्धत १९९६ साली आली. तिच्या जनकांत बडोद्यात शिकलेले अजय भट्ट हे आपले भारतीय इंजिनिअर होते. या दोन्हींचे लग्न लावून पेन ड्राइव्ह २००० सालच्या सुमारास बाजारात आला. सिंगापूरची ट्रेक कंपनी पहिली की इस्रायलची एम-सिस्टिम्स, यावर वाद झाले. आयबीएमने त्या वर्षी विकलेल्या पेन ड्राइव्हची क्षमता आठ एमबी होती, म्हणजे साडेपाच फ्लॉपींएवढी. आमच्या खिशातला चौसष्ट जीबीचा आहे, म्हणजे त्याच्या आठ हजार पट.

पोर्टेबल सॉफ्टवेअरची कथा यापुढची आहे. २००४ साली अमेरिकेतील जॉन हॉलर या प्रोग्रामरने फायरफॉक्स हा ब्राउझर पेन ड्राइव्हवरून चालेल असा बांधून लोकांना फुकट दिला. त्याला हे करता आले, कारण फायरफॉक्स मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याची आतली रचना कोणीही पाहावी, बदलावी व वाटावी अशी मुभा आहे. पुढे त्यातूनच पोर्टेबल अ‍ॅप्स हा मोठा संग्रह उभा राहिला. त्यात पत्रे आणि हिशेब लिहिण्याचे लिबरऑफिस आहे, चित्रे नीट करण्याचे गिम्प आहे, पासवर्ड सांभाळण्याचे कीपास आहे. याच सुमारास, २००५ साली, दोन मोठ्या कंपन्यांनी यू-थ्री नावाची अशीच एक व्यवस्था काढली होती. तिच्यासाठी त्यांचा खास पेन ड्राइव्हच विकत घ्यावा लागे. चार-पाच वर्षांत ती गुंडाळली गेली. लोकांच्या हातातले, कोणत्याही पेन ड्राइव्हवर चालणारे मात्र आजही चालू आहे. यातून काय शिकायचे ते युनियनमधल्या माणसाने आपल्याला सांगायला नको.

आता आपण विचाराल, एवढा खटाटोप तुम्हाला कशाला? याचे उत्तर देताना आम्हाला आमच्याच दोन चुका सांगाव्या लागतील. त्या सांगण्यासाठीच आम्ही आलो आहोत.

आमची युनियन बांधकाम मजुरांची. महाराष्ट्रात बांधकाम कामगारांसाठी कल्याणकारी मंडळ २०११ साली स्थापन झाले आणि आमच्या कामाचे स्वरूपच पालटले. पूर्वी मोर्चा निघे, घोषणा होत, ठेकेदाराशी बोलणे होई. आता मजुराचा हक्क कागदावर आला: वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला, आधार, बँकेचे पासबुक, नोंदणी, नूतनीकरण. आणि पुढे हे सारे संगणकावर गेले. आमच्याकडे तेव्हा संगणक नव्हता. वर्गणीतून कचेरीचे भाडे निघे हेच पुष्कळ. एका ओळखीच्या दुकानदाराने मोठ्या मनाने सांगितले, की संध्याकाळी गिऱ्हाईक उलगडले की आमच्या संगणकावर बसत जा. आम्ही बसू लागलो. तीन वर्षे सभासदांची यादी, कोणी कोणत्या साइटवर किती दिवस काम केले त्याची टिपणे, हिशेब, सगळे आम्ही त्या परक्या संगणकात घातले. कागदी रजिस्टर लिहिणे सोडले. आधुनिक झालो ना!

एक दिवस तो संगणक बंद पडला. दुकानदाराने दुरुस्तीला दिला आणि दुरुस्त करणाऱ्याने तो कोरा करून परत केला. त्याचा काय दोष? संगणक दुकानदाराचा होता, त्याने तो धंद्यासाठी घेतला होता. पण त्याच महिन्यात आमचा एक सभासद स्लॅबवरून पडून गेला. त्याच्या पत्नीने कचेरीत येऊन एवढेच विचारले, “भाऊ, यांचे कामाचे दिवस तुमच्याजवळ लिहून असतील ना?” त्या दिवशी आमच्याजवळ द्यायला उत्तर नव्हते. पुढे आम्ही गावोगाव हिंडलो, मुकादमांच्या डायऱ्या पाहिल्या, सोबतच्या मजुरांची निवेदने घेतली, आणि दावा उभा केला. मदत मिळाली, नाही असे नाही. पण ती इतकी उशिरा मिळाली, की तोवर थोरल्या मुलाने शाळा सोडून विटा वाहायला सुरुवात केली होती. तो पुन्हा शाळेत गेला नाही. आज तो आमचा सभासद आहे. त्याची वर्गणीची पावती फाडताना आमचा हात अजूनही जड होतो.

यानंतर मालेगाव तालुक्यातील एका ग्रामपंचायतीत संगणक परिचालक म्हणून काम करणाऱ्या मुलीने आम्हाला हा मार्ग दाखवला. ती म्हणाली, “काका, संगणक कोणाचाही असू द्या, हत्यार आपले ठेवा.” आम्ही एकदम ताडकन उठून बसलो. अहो, हे तर आम्ही गवंडीकामात पाहत आलो होतो! इमारत मालकाची असते, सिमेंट ठेकेदाराचे असते. पण थापी, ओळंबा आणि गुण्या गवंड्याचे स्वतःचे असतात. ते तो पोत्यात गुंडाळून आणतो आणि संध्याकाळी धुऊन परत नेतो. हत्यार हाताला बसलेले असते. ज्या दिवशी ठेकेदार म्हणेल की थापीही माझीच वापर, त्या दिवशी गवंड्याचा निम्मा गवंडी उरेल. मुंबईच्या गिरण्यांत काय झाले? हातमाग विणकराचा होता, यंत्रमाग मालकाचा झाला. मग नारायण मेघाजी लोखंड्यांना १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना बांधावी लागली. हत्यार कोणाचे, हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत तोच आहे.

त्या मुलीने आमच्या पेन ड्राइव्हवर लिबरऑफिस आणि फायरफॉक्स घालून दिले. तेव्हापासून रिसोडच्या नेट कॅफेत, कारंज्याच्या एखाद्या सभासदाच्या घरी, मंगरूळपीरला एखाद्या शिक्षकमित्राच्या संगणकावर, आम्ही बसू तेथे आमची कचेरी उघडते. तीच पाने, तीच मांडणी, तोच मराठी शुद्धलेखनाचा कोश. उठताना ब्राउझरमधला पासवर्ड, पाहिलेल्या साइटींची यादी हे सारे पेन ड्राइव्हबरोबर खिशात येते.

येथे एक गोष्ट ध्यानात धरावी. हत्यार पोर्टेबल असून भागत नाही, मजकूरही पोर्टेबल असावा लागतो. आमचे एक पत्रक छापखान्याच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केले होते. दुसऱ्या गावी उघडले तर ‘कामगार बंधूंनो’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कडबा दिसला. तो फॉन्ट नसेल तेथे ते मराठी मराठीच राहत नाही. युनिकोडमध्ये लिहिलेले मराठी मात्र कोठेही मराठीच दिसते. म्हणून जुने लेख असतील तर ते आजच युनिकोडमध्ये उतरवून ठेवा.

आता दुसरी चूक. ही पहिलीपेक्षा मोठी, कारण येथे दोष देण्यास दुकानदारही नाही. हत्यार मिळाल्याच्या आनंदात आम्ही त्याच पेन ड्राइव्हवर दोनशेहून अधिक सभासदांची आधारपत्रे, पासबुकांच्या प्रती आणि फोन नंबर ठेवले, उघडे. एकदा रिसोडहून वाशिमला येताना एस. टी.च्या गर्दीत तो खिशातून पडला. कंडक्टरला विचारले, डेपोत गेलो, दोन दिवस स्टँडवर उभे राहिलो. मिळाला नाही. यादीची एक प्रत या वेळी दुसरीकडे होती, त्यामुळे काम अडले नाही. पण दोनशे गरीब माणसांनी विश्वासाने दिलेली कागदपत्रे कोणाच्या हाती पडली, हे कळायला मार्ग नव्हता. दडवता आले असते. मित्रांनी तसा सल्लाही दिला. आम्ही सभा बोलावली आणि उभे राहून सांगितले. कोणी रागावले, कोणी गप्प बसले. एक म्हातारी मजूर बाई म्हणाली, “गाडगे फुटले ते सांगितले हे बरे केले, पण बाप्पू, गाडगे डोक्यावर घेऊन पळत कशाला होता?” त्या प्रश्नापुढे आमची सारी पुस्तके फिकी पडली.

त्या सभेत आम्ही जे नियम केले ते आपल्यापुढे ठेवतो. ते आमच्या युनियनपुरते नाहीत. बचत गट, भजनी मंडळ, दूध संस्था, कोणालाही उपयोगी पडतील.

पहिला नियम, कुलपाचा. संपूर्ण पेन ड्राइव्हला कुलूप घालणारी सॉफ्टवेअरे आहेत, पण त्यांतील व्हेराक्रिप्टसारखी चांगली सॉफ्टवेअरे विंडोजवर चालवायला अ‍ॅडमिनची परवानगी लागते, आणि नेट कॅफेत ती मिळत नाही. म्हणून आम्ही सोपा मार्ग धरला. लिबरऑफिसमध्ये फाइल साठवताना पासवर्ड घालण्याची सोय आहे. त्याने मजकूर खरोखरच सांकेतिक होतो, नुसता झाकला जात नाही. पासवर्ड विसरला तर ती फाइल देवही उघडू शकत नाही. म्हणून तो एका पाकिटात लिहून, मोहोर करून, खजिनदाराच्या पेटीत ठेवला आहे. आणि आधार-पासबुकांच्या प्रती आता पेन ड्राइव्हवर ठेवतच नाही.

दुसरा नियम, नकलेचा. फ्लॅश स्मृतीत माहिती म्हणजे अतिसूक्ष्म कप्प्यांत कोंडलेला विजेचा भार. पुसून लिहिण्याची प्रत्येक खेप त्या कप्प्याची भिंत थोडी झिजवते, आणि वर्षानुवर्षे पडून राहिले तरी भार हळूहळू झिरपतो. म्हणजे पेन ड्राइव्ह ही पिशवी आहे, तिजोरी नव्हे. दर शनिवारी आमच्या माहितीच्या खणाची नक्कल दुसऱ्या ठिकाणी होते, आणि सभासदांचे रजिस्टर पुन्हा कागदावर, शाईने लिहिले जाते. तसेच काम संपल्यावर पेन ड्राइव्ह ओढून काढू नये. आधी संगणकाला सांगावे आणि मगच काढावा, नाही तर अर्धे लिहिलेले अर्धेच राहते.

तिसरा नियम, परक्या जमिनीचा. हत्यार आपले असले तरी जमीन दुसऱ्याची असते. त्या संगणकात कोणी चोर बसवला असेल, तर आपण दाबलेली प्रत्येक कळ तो टिपून घेईल. पोर्टेबल सॉफ्टवेअर त्याला अडवू शकत नाही. म्हणून बँकेचे व्यवहार तेथे करू नयेत. रोगही असाच पसरतो. कॉन्फिकर नावाचा किडा २००८ साली निघाला आणि पेन ड्राइव्हवरून जगभर गेला. पेन ड्राइव्ह लावताच त्यातले काही आपोआप चालू होण्याची सोय अखेर मायक्रोसॉफ्टने २०११ साली जुन्या विंडोजवरही बंद केली. आपल्याकडे सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन बसतात तो व्हायरस पाहिला नसेल असा झेरॉक्सवाला विरळा. तेव्हा घरी आल्यावर गवंडी थापी धुतो तसा पेन ड्राइव्ह तपासावा.

चौथा नियम, नीतीचा. महागडी सॉफ्टवेअरे कुलूप तोडून ‘पोर्टेबल’ म्हणून बाजारात फुकट वाटली जातात. आम्ही ती घेत नाही. त्यांत रोग असतो हे एक कारण. परंतु खरे कारण दुसरे आहे. आमच्या घामाचा दाम द्या, असे जो ठेकेदाराला म्हणतो, त्याने दुसऱ्याच्या घामाची चोरी करू नये. जे मुक्त आहे ते घ्यावे, आणि ते घडवणाऱ्याचे नाव घ्यावे. तसेच ज्या कचेरीत बाहेरचे सॉफ्टवेअर चालवण्यास मनाई आहे, तेथे ते लपून चालवू नये. नोकरी जाईल, आणि तेव्हा युनियनलाही तोंड राहणार नाही.

कोणी म्हणेल, आता सगळे मोबाइलवर आणि इंटरनेटवर आले, तुमचा हा पेन ड्राइव्ह जुना झाला. काही अंशी खरे आहे. डिजिटल सहीच्या टोकनला ड्रायव्हर बसवावाच लागतो, तेथे आमचे बिऱ्हाड कामाला येत नाही, हेही आम्ही कबूल करतो. पण ज्या गावात पावसाळ्यात नेटवर्क चार दिवस गायब होते, तेथे ढगात ठेवलेले रजिस्टर ढगातच राहते. आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपल्यावर जे असंख्य जुने संगणक निकालात निघू लागले आहेत, त्यांतील कितीतरी संगणक पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पुन्हा उभे करता येतात. तो या विचाराचाच पुढचा मजला आहे. त्यावर बोलण्यास आमच्याहून जाणते वक्ते बोलवावेत, अशी चालकांना विनंती आहे.

शेवटी एकच सांगतो. हे वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या घराण्यातल्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट येथेच सापडला. ताम्रपट म्हणजे काय? राजाने दिलेल्या हक्काचा कागद. पण तो राजाच्या दफ्तरात पडून राहत नसे. ज्याचा हक्क, त्याच्या घरी तो राही. राजे गेले, राजधानी गेली, पत्रा राहिला. आमचा पेन ड्राइव्ह सोळाशे वर्षे टिकणार नाही, कदाचित दहा वर्षेही टिकणार नाही. पण ज्याचा हक्क त्याच्या हाती त्याचा पुरावा असावा, ही रीत तीच आहे. ज्या बाईला आम्ही उत्तर देऊ शकलो नाही, तिच्या मुलाच्या कामाचे दिवस आज तीन ठिकाणी लिहिलेले आहेत: आमच्या रजिस्टरात, आमच्या पेन ड्राइव्हवर, आणि त्याच्या स्वतःच्या वहीत. ती वही तो आम्हाला दर महिन्याला दाखवतो. आमची नोंद चुकली असेल तर भांडतो. त्याचे ते भांडण ऐकून आम्हाला बरे वाटते.